चिक्कुडूला रागवायचं कसं?

...आणि शुद्धलेखनाला हसू नका हां, आधीच माफी मागतो, आठवीत शाळा सोडली मी, ऱ्हस्व-दीर्घ हाताला लागत नाहीत, शब्दही साधेच येतात, पण वैताग खरा आहे, कारण तुम्हाला सांगतो, सहा महिने पाणी घातलं त्या वेलीला, सहा महिने! नुसता पाला! शेंग? एक नाही!

नारायणगुड्यात एकनाथरावांच्या गच्चीवरची खोली आहे माझ्याकडे भाड्यानं. तिथं मार्चात हौसेनं घेवडा लावला. पुढं एप्रिलचं ते ऊन! फूल आलं की गळालं, आलं की गळालं... शेजारच्या गच्चीवरून इंदुताई बघत होत्या. जामबागेतल्या शाळेत जन्मभर शिकवलं त्यांनी, आता गुडघे दुखतात, तरी बावीस कुंड्या सांभाळतात. काय बाई आहे हो! म्हणाल्या, "सुधीर, घेवड्याला हे ऊन सोसायचं नाही रे. चिक्कुडू लाव." म्हणजे आपली वालपापडी, इथं तिला चिक्कुडू म्हणतात. बी त्यांनीच दिलं, मी ते जुन्या बादलीत पेरलं. पहाटे पाणी घाल, बादलीला ओलं पोतं गुंडाळ, वर जुनी साडी बांध, सगळं त्यांनीच शिकवलं. आणि वेल जगली, कशी जगली! टाकीवर चढली, कपड्यांच्या तारेवर चढली, एकनाथरावांच्या टीव्हीच्या डिशला मिठी मारून बसली... पण नुसता पाला! शेंग? एक नाही!

एकनाथराव वर आले. "क्या मियाँ, जंगल पाळलंस का? दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत फूल दिसलं तर ठीक, नाही तर कापतो!"

मी म्हणालो, "हो जी." मी सगळ्यांना हो जी म्हणतो. बसमध्ये कुणी माझ्या पायावर उभं राहिलं तरी हो जी.

मग एकनाथरावांच्या पत्नी मंगलाकाकू हळूच आल्या. "अरे, न फळणाऱ्या झाडाला रागवावं लागतं. झाडू घेऊन उभा राहा, म्हण, उद्या उपटतो तुला!" आता मी कुणाला रागवणार? तरी गेलो, झाडू उगारला, म्हणालो, "अहो... म्हणजे... तशी घाई नाही..."

कठड्यापलीकडे इंदुताई हसून हसून खाली बसल्या! "अरे, ती दिवस मोजते. देशी जात आहे, दिवस लहान झाल्याशिवाय फुलायची नाही. दसऱ्यानंतर बघ. जा, सांग एकनाथरावांना."

बघा! झाडाच्या मनातलं कळतं या बाईला! पण सांगायचं कुणी? चार वेळा जिना उतरलो. चारही वेळा "पाणी आलं का?" एवढंच विचारून वर आलो.

दसरा झाला, रविवार उजाडला. वेलीवर नुसता पाला! शेंग? एक नाही! एकनाथराव कात्री घेऊन वर, मागं काकू. त्यांनी बुंधा मुठीत धरला मात्र, आणि मला काय झालं ठाऊक नाही...

"सोडा! हात लावून तर बघा! सहा महिने पहाटे उठलोय मी! दिवस लहान झाले की फुलते ती, इंदुताईंनी सांगितलंय! कळत नाही तर विचारावं माणसानं!"

कबुतरं उडाली हो टाकीवरची. एकनाथरावांनी बुंधा सोडला, कात्री खाली केली. "अय्यो... तुला आवाज आहे? ठेव बाबा, दिवाळीपर्यंत ठेव."

आणि आठव्या दिवशी तुरे! जांभळे, उभे, पाल्यातून वर आलेले! दिवाळीनंतर शेंगांचे घोस. पहिली ओंजळ इंदुताईंना दिली. त्यांनी एक शेंग मोडली, वास घेतला, म्हणाल्या, "कोवळी आहे, शाब्बास." शाळेत मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पण नाव कुणाचं झालं? मंगलाकाकूंनी गल्लीभर सांगितलं, "सुधीरनं असा आवाज चढवला, वेल घाबरून फुलली!" मी म्हणतोय, अहो, ते इंदुताईंचं ज्ञान... कोण ऐकतं? संध्याकाळी काकूंची गौलीगुड्याची बहीण हजर. "आमच्या लिंबाला पाच वर्षं फळ नाही. उद्या येऊन जरा झाप त्याला." मी काय म्हणालो असेन?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अंगणात आठ-दहा माणसं जमलेली, कुणी तरी हातात झाडू दिला. लिंबासमोर उभा राहिलो, झाडू उगारला, म्हणालो, "अहो..." शेवटी चपला काढल्या, लिंबाला नमस्कार केला, मुळाशी तांब्याभर पाणी घातलं, आणि कामावर गेलो.