तेल वाढलं कसं?

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखादी गोष्ट जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? पुसायची? झाकायची? की तिला कुणाला हातच लावू द्यायचा नाही? — काकू, हसू नका! मोबाइलवर कव्हर आणि कव्हरावर पिशवी तुमचीच दिसतेय!

तर ऐका. मिरजेत त्र्यंबकराव वाळिंबे नावाचे गृहस्थ. पोस्टात नोकरी, आयुष्यभर सायकल. निवृत्त झाले आणि घेतली गाडी — डिझेलची! का? तर म्हणे, "पेट्रोलपेक्षा परवडते." अहो, परवडते! जो रोज लांब जातो त्याला! आणि आमचे त्र्यंबकराव जायचे कुठवर? घर ते मंडई. गुरुवारी घर ते दत्ताचं देऊळ. इंजिन तापायच्या आत गाडी परत अंगणात!

पण जपणूक विचारू नका. रोज बादलीभर पाणी, काचेला वेगळं फडकं, पत्र्याला वेगळं, वरून आच्छादन. देवघरातले देव म्हणत असतील — यजमान, एखादा तांब्या इकडंही येऊ द्या!

घरात दुसरं माणूस एकच. थोरली बहीण, गोदाक्का. गुडघ्यांनी बसवलेली. तिच्या नातीला सोलापुरात मुलगी झाली. रविवारी बारसं. अक्का म्हणाली, "त्र्यंबक, गाडीनं नेशील?"

"एवढ्या लांब? गाडीला सोसायचं नाही, अक्का. एसटी आहे की."

"एसटीची पायरी चढवली असती, तर तुला विचारलं असतं का रे?"

त्र्यंबकरावांनी फडकं उचललं आणि अंगणात!

आता गंमत बघा. त्याच गुरुवारी देवळातून परतताना गाडी ओढेना. समोर पिवळा दिवा. अक्का मागे बसलेली. तशीच गाडी नजीर मिस्त्रींच्या गॅरेजात. मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"साहेब, इंजिनात तेल कुणी ओतलं?"

"कुणी नाही."

"खुणेच्या वर आलंय."

मंडळी, इंजिनातलं तेल कमी होतं. वाढलेलं ऐकलंय कधी? द्रौपदीला थाळी सूर्यानं दिली होती. त्र्यंबकरावांना कुणी दिली?

मिस्त्रींनी पट्टीचा वास घेतला. "डिझेल मिसळलंय यात. इंजेक्टर गळतोय बहुतेक. खर्चात पडणार तुम्ही." त्र्यंबकराव स्टुलावर बसले! इंजेक्टर तपासले — ठणठणीत. मिस्त्री डोकं खाजवतायत. मग डिझेल आलं कुठून?

मागच्या सीटवरून अक्का म्हणाली, "अहो मिस्त्री, हा दिवा काही आजचा नाही. तो लागला, की हा जिथं असेल तिथं गाडी बंद करतो. इंजिन गार होईपर्यंत दत्ताचं नाव घेत बसतो."

"दिवा लागल्यावर बंद करता?"

"मग! जपायला नको?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मंडळी, या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती भरत आली, की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडते, तापते आणि काजळी जाळून टाकते. त्याला हवी लांबची, सलग दौड. आणि आमचे त्र्यंबकराव? गाडी अंघोळीला बसली, की हे नळ बंद करणार! साबण अंगावर तसाच! न जळलेलं डिझेल झिरपलं तेलात. जपता जपता मारत होते हो!

मिस्त्री म्हणाले, "तेल आजच बदलतो. पातळ झालंय, इंजिन खाईल. जाळी अजून पुरती भरलेली नाही. मोठ्या रस्त्याला सलग पळवा, या दिव्याला थांबू नका. नाहीतर नवी जाळी घ्या — तेवढ्यात एखादी जुनी गाडी येईल."

"पळवू कुठवर?"

मागून आवाज आला, "सोलापूर!"

रविवारी पहाटे निघाले. सांगोला मागं पडलं आणि — लागला दिवा! पंखा घोंघावतोय, करपल्यासारखा वास. त्र्यंबकरावांचा पाय ब्रेककडे. "अक्का, थांबतो गं."

"मिस्त्री काय म्हणाले?"

"आणि पेटली तर?"

"त्र्यंबक, वर्षभर अंगण आणि देऊळ, एवढंच बघतेय मी. तू मलाही असंच जपलंस. आज थांबू नकोस."

पाय ब्रेकवरून निघाला, मंडळी! घामाघूम झाले, पण थांबले नाहीत. मंगळवेढ्याच्या अलीकडे दिवा विझला. आपोआप! आणि गाडी अशी ओढायला लागली, की अक्काच म्हणाली, "जरा हळू!"

बारशाला पोचले. पणतीला मांडीवर घेऊन अक्का बसली, आणि त्र्यंबकराव दारात उभे राहून गाडीकडे नाही — अक्काकडे बघत होते.

खर्च वाचला का? नाही! तेलाचे पैसे गेले, तपासणीचे गेले. जपण्यातल्या चुकीचं बिल येतंच. जाळी वाचली. आणि काय काय वाचलं, ते तुम्ही ठरवा.

आता माझा प्रश्न. तुमच्या घरात आच्छादन घालून कुणाला ठेवलंय? "तुला सोसायचं नाही" असं म्हणून कुणाला दारातच बसवलंय? उद्या गाडीला फडकं मारण्याआधी त्या माणसाला विचारा — कुठं जायचंय?

चला, उभे राहा, दत्तगुरूंची आरती घेऊ. आणि आरती सुरू झाली, की चपला शोधायला निघू नका. एकदा पेटलंय, तर पुरतं जळू द्या!