रिकामा डबा

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मेकॅनिकने हाक मारली.

“काका, इंजिनचा दिवा उगाच लागत नाहीये. मशीनवर कोड आलाय. धूर गाळणारा डबा काम करत नाही.”

“जुनी गाडी आहे बाबा. माझ्यासारखाच थकला असेल.”

“थकला नाही, रिकामा आहे. आतली जाळी महागड्या धातूची असते. ती काढून कुणीतरी डबा पुन्हा जोडलाय. वेल्डिंग ताजं आहे. गाडी कुणाला दिली होती?”

“छे! मी आणि मुलगा, तिसऱ्याचा हात नाही. गेल्या महिन्यात तोच सर्व्हिसिंगला...”

“काका?”

“तो दिवा तेवढा विझवून द्या.”

“परत लागेल.”

“लागू दे. संध्याकाळी तो गाडी न्यायला येईल. त्याला कळायला नको.”

“काय कळायला नको?”

“मला कळलंय ते.”