न भाजणारे पाय

डॉक्टर : आणि आता?

शंभू : लागलं.

डॉक्टर : आता?

शंभू : लागलं की. चांगलंच लागलं.

डॉक्टर : काका, डोळे उघडा बघू. सुई मी केव्हाच ट्रेमध्ये ठेवली.

शंभू : मग विचारता कशाला, बाय? पाहुण्याला पोट भरलं का विचारलं तर तो भरलंच म्हणणार.

पद्मावती : ह्येंचा सगळा असाच, डॉक्टरीणबाय. पाय दुखता? नाय. ताप आसा? नाय. दुपारचे पडवीत झोपलेले, तर बोटाक मुंगळे लागलेले आणि हे आपले घोरतत. बायको बोंब मारता तेव्हा उठले.

शंभू : गुळाच्या ढेपीला मुंगळे लागायचेच.

डॉक्टर : हसण्यासारखं नाही हे. अंगठा काळा पडलाय आणि शेजारचं बोट त्याच वाटेवर आहे. साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या का?

शंभू : बंद नाही. मध्ये जरा राहिल्या.

पद्मावती : व्रतात. व्रतात गोळी चलत नाय म्हणाले.

शंभू : गोळी कोणी कुठल्या हातानं केलेली असते, काय सांगावं?

डॉक्टर : पायाचं कळेनासं कधीपासून झालं?

शंभू : असं नेमकं काय सांगणार?

डॉक्टर : आठवा. कामधंदा काय होता?

शंभू : खाणीवर ट्रक. आमच्या पाळी गावाहून माल भरायचा, नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा. जन्म त्यातच गेला. गोवा राज्य झालं त्या वर्षी गाडी सोडली.

डॉक्टर : का सोडली?

शंभू : ब्रेकवर पाय आहे की नाही, कळेना. वाकून बघावं लागायचं. पाय बघितला की रस्ता दिसत नाही, रस्ता बघितला की पाय.

पद्मावती : माका तर कंबर धरता म्हणान सांगितलात.

शंभू : कंबर पण धरायची.

डॉक्टर : आणि ही जखम चपलेच्या खिळ्याची?

शंभू : हो. गंजका खिळा.

डॉक्टर : खिळ्यानं भोक पडतं, काका. इथं तळव्याला फोड येऊन कातडी सुटलीय. हे भाजलेलं आहे.

पद्मावती : भाजलेला?

शंभू : खिळो होतो गो.

पद्मावती : तुमी गप रवा. डॉक्टरीणबाय, परत सांगा. भाजलेला?

डॉक्टर : हो. बरेच दिवस झालेत, आणि बुटात कोंडून ठेवलं म्हणून सडलं. आगीत पाय पडला होता का?

पद्मावती : पडलो नाय. घातलो. हे शिरगावच्या जत्रेचे धोंड आसत.

डॉक्टर : मी कोल्हापूरची. धोंड म्हणजे काय ते मला सांगा.

पद्मावती : देवीचे व्रतकरी. जत्रेआधी सोवळ्यान रवतत, तळ्यार आंघोळी करतत, आपल्याच हातान शिजवन खातत. हातात रंगीत गोंड्यांचो वेत. आणि मगे जत्रेच्या पहाटे होमाच्या निखाऱ्यांवरसून चलत जातत. अनवाणी.

शंभू : व्रत शुद्ध असलं की देवी भाजू देत नाही.

डॉक्टर : आणि भाजलं तर?

पद्मावती : भाजला तर लोक म्हणतत, व्रत मोडलान.

डॉक्टर : बरं. आता माझं ऐका. उद्या सकाळी ही दोन बोटं काढू. थांबलो तर घोट्यापर्यंत जाईल, मग गुडघ्यापर्यंत. आज ठरवून मला सांगा.

शंभू : आणि घरी नेलं तर?

डॉक्टर : घरी नेलं तर चवथीच्या सणाला तुम्ही नसाल, काका.

*

पद्मावती : खिळो खय आसा?

शंभू : कसलो खिळो?

पद्मावती : चपलेतलो. दाखवा तरी माका.

शंभू : हळू बोल. बाजूच्या खाटीवरचो आयकता.

पद्मावती : तेचे दोनय कान पट्टीत आसत. डॉक्टरणीकडे पुस्तकातला मराठी, आणि माझ्यासाठी खिळो. फोड कधी बघितलात?

शंभू : तळ्यार. त्याच सकाळी, पाय धुताना.

पद्मावती : आणि?

शंभू : आणि आपल्या पोराचे कॅनव्हासचे बूट घातलंय.

पद्मावती : तरीच! मी म्हणतंय, ह्या उकाड्यात मोजे घालून माणूस कित्या बसता? आणि लोक पाया पडूक येत होते. मोज्यांनिशी पाय पुढे करीत होतात तुमी.

शंभू : मोजे काढले असते तर दिसलां असतां.

पद्मावती : दिसूचा तर होता! दिसला असता तर पाळीच्या डॉक्टरानच मलम लावन मोकळो केल्यान असतो.

शंभू : मलम लावतलो, आणि पाळीभर सांगत फिरतलो.

पद्मावती : राज्य झाला त्या वर्षी गाडी सोडलात.

शंभू : तां झालां सांगून.

पद्मावती : त्याच वर्षी जत्रेसून येवन माका काय म्हणालात?

शंभू : काय म्हणालंय?

पद्मावती : "पद्मे, औंदा देवीन माका फुलांवरसून चलवल्यान." आठवता? मी रडलंय आनंदान. अख्खो वाडो पाया पडलो तुमच्या. नाक्यावरचो चायवालो पण हात पुसून इलो.

शंभू : त्या आधी दर वर्षी चटको बसायचो. पहिलो पाय टाकलो की मस्तकापर्यंत. म्हणान तर देवीचां नाव मोठ्यान घेयत पळायचो. त्या वर्षी काय नाय. थंड. मी वळान बघितलंय, निखारे खरेच पेटलेले आसत काय.

पद्मावती : आणि ब्रेक?

शंभू : ब्रेक येगळो. देवी येगळी.

पद्मावती : पाय तोच ना?

शंभू : पद्मे, गप रव.

पद्मावती : पाय तोच ना, विचारतंय.

शंभू : तां मी तुझ्याआधी विचारलंय. स्वतःक. मोजे घालून बसल्यार माणसाक दुसरां काम काय आसता?

पद्मावती : आणि जयराम?

शंभू : तेका हय कित्या आणतस?

पद्मावती : माझो भाव तो. कधीतरी आणतलंयच. एका वर्षी तुमच्या मागसूनच गेलो तो होमात. ओरडलो. भायर इलो तेव्हा तळवे सोललेले. सगळ्या धोंडांत मोठे तुमी, लोक तुमच्या तोंडाकडे बघत होते. काय म्हणालात तुमी?

शंभू : लोकांनी विचारलां म्हणान—

पद्मावती : काय म्हणालात?

शंभू : व्रतात कायतरी भायरचां खाल्ल्यान असतला. सगळे असांच म्हणतत. मी नवीन काय म्हटलां?

पद्मावती : इतर म्हणाले असते तर तेणां ऐकून सोडल्यान असता. तुमी म्हणालात म्हणान त्याच दिवशी वेत देवळात ठेवल्यान. पार्श्यात, माझ्या माहेरच्या गावात, कोण तेका भजनाक बोलयत नाय. दर भाऊबीजेक मी जातंय तर वयनी दारातच सांगता, ते बागायतीत गेलेत. दिवाळीत बागायतीत कसला काम आसता, सांगा माका. तेचो पाय धड होतो. म्हणान ओरडलो तो.

शंभू : घराक जावया.

पद्मावती : आणि बोटां?

शंभू : बोटां पण घेवन जावया. आसत तशी.

पद्मावती : आणि मगे?

शंभू : मगे काय व्हायचां तां होतलां. धोंड म्हणान तरी जातलंय.

पद्मावती : आणि मी? मी धोंडाची बायल म्हणान कपाळ पुसून बसू? लोक येतले, मोठो भक्त गेलो म्हणतले, आणि मी मान हलवू? फोडाची गोष्ट पोटात ठेवन?

शंभू : तू सांगूचंस नाय.

पद्मावती : नाय सांगूचंय. तां तुमका म्हायत आसा, म्हणानच तुमी मरूक तयार.

*

शंभू : बाय, एक विचारू? तुम्ही देव मानता?

डॉक्टर : अंबाबाईची ओटी भरते दर वर्षी. पट्टी सोडतेय, पाय हलवू नका.

शंभू : मग तुम्हाला विचारायला हरकत नाही. मधली वर्षं मला फोड आला नाही. पाय तर तेव्हाही मेलेलाच. मग कोणी राखला?

डॉक्टर : भराभर चालून गेलं, तळव्याला घट्टे असले, तर कधी कधी नाही भाजत.

शंभू : म्हणजे देवी नव्हे.

डॉक्टर : मी तसं म्हटलं नाही. त्यातलं मला कळत नाही. यंदा मात्र तुम्ही निखाऱ्यावर जास्त वेळ राहिला असणार. पटकन पाय उचलावा असं आतून कोणी सांगितलंच नाही तुम्हाला.

शंभू : मी थांबलो होतो.

डॉक्टर : काय?

शंभू : मध्यावर थांबलो होतो. लोक बघत होते. पोरं पळत होती माझ्या बाजूनं, आणि मी उभा. वाटलं, देवीनं एवढं दिलंय तर दिसू दे सगळ्यांना.

डॉक्टर : काका!

शंभू : हे बायकोला सांगू नका.

डॉक्टर : मी कोणालाच सांगत नाही. तुमचं तुम्ही बघा.

शंभू : बोटं काढताना लागेल?

डॉक्टर : कमरेत इंजेक्शन देऊ. काही कळणार नाही.

शंभू : आणि इंजेक्शन दिलं नाही तर?

डॉक्टर : तरी फारसं कळणार नाही तुम्हाला.

शंभू : कळलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर : कळलं असतं तर बोटं घेऊन घरी गेला असता. सकाळी मी येईन. काढायचं ठरलं तर पहाटेपासून काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

*

(सकाळ. शंभू भिंतीकडे तोंड करून पडला आहे. पद्मावतीच्या हातात कागदाची पुडी.)

पद्मावती : उंडे पाव आणलंय. भट्टीतले, गरम आसत अजून. नर्सबाय म्हणता, ऑपरेशन आसा तर खाऊचा नाय. नसला तर खाऊन घराक जावचा. म्हणान आणलंय. हय उशाक ठेवतंय. मी काय बोलूचंय नाय आज. काल बोलून झाला.

शंभू : —

पद्मावती : वास तरी येता काय? की नाक पण गेला?

शंभू : येता.

पद्मावती : मगे उठा. खावा नायतर खाऊ नका. डॉक्टरीण येता म्हटल्यार माका तिका कायतरी सांगूक व्हया.

शंभू : मी थांबलंय होतंय, पद्मे.

पद्मावती : खय?

शंभू : होमात. मध्यावर. मुद्दाम.

पद्मावती : कित्या?

शंभू : लोकांक दिसूक.

पद्मावती : —

शंभू : बोल कायतरी.

पद्मावती : काय बोलू? मी पण त्याच लोकांत होतंय. टाळी वाजवलंय मी.

शंभू : ते उंडे बाजूच्याक दी.

पद्मावती : काय?

शंभू : दी तेका. पुडी इल्यापासून तेची नजर हयच आसा.

पद्मावती : म्हणजे डॉक्टरणीक—

शंभू : होय सांग.

पद्मावती : दोनय बोटां?

शंभू : तिका व्हयी तितकी घेवंदी. गुडघो तेवढो सोड म्हण.

पद्मावती : सांगतंय. आणि गावात? गावात विचारतले, तेंका काय सांगू? साखरेन झाला म्हणतंय. साखर काय, घराघरात आसा. कोण काय म्हणूचो नाय तुमका.

शंभू : साखर नको. भाजलो म्हण.

पद्मावती : भाजलो म्हटला तर लोक—

शंभू : लोक काय म्हणतत तां माका नको शिकवू. मीच म्हणत होतंय.

पद्मावती : मगे वेत ठेवूचो लागतलो.

शंभू : ठेवतलंय. काठी लागतलीच हातात, ती येगळी आणतलंय.

पद्मावती : बरा. तुमका आत नेल्यार मी हय बाकड्यार बसतंय. भायर इल्यार पयलो माझोच चेरो दिसूक व्हयो.

शंभू : हय बसान काय करतलंस? आत मी निजलेलोच असतलंय. तू पार्श्याक जा. जयरामाक दुसऱ्या कोणाकडसून कळूक नको.