एक्केचाळीस हजार सातशे साठ

बाबा: आज कामावर का नाही गेलीस, ते राहू दे. आधी सांग, माझी हत्यारांची पेटी उघडी कशी?

मुलगी: आल्या आल्या उलटतपासणी! डोळे मिटा. मिटा म्हणते ना.

बाबा: भर उन्हातून आलोय, तसंही काही दिसत नाहीये.

मुलगी: हात पुढे करा. हं, आता बघा.

बाबा: हा दादाचा व्हिडिओ गेम.

मुलगी: चालू आहे! काच बघा कशी लख्ख उजळलीय. बॅटरी बदलली, मी स्वतः. चार स्क्रू, दोन वायरी, एक भाजलेलं बोट. वायरमनची मुलगी आहे म्हटलं.

बाबा: बदललीस?

मुलगी: अहो, जुनी फुगून टम्म झाली होती. मागचं झाकण वर आलं होतं. एखाद दिवशी हातात फुटली असती. आणि नवी तर महिनाभर तुमच्याच खणात पडून. वाटलं, हात थरथरतो म्हणून राहून गेलंय.

बाबा: जुनी तोडायच्या आधी नवी जोडली होतीस?

मुलगी: दोन्ही एकदम? कशाला? जुनी काढली, आतली घाण पुसली, जेवले, मग नवी लावली. का हो? सोल्डरचा डाग नीट बसला नाही का?

बाबा: डाग छान बसलाय.

मुलगी: मग चेहरा असा का पडला?

बाबा: वरच्या कोपऱ्यात किती दिसतंय, वाच.

मुलगी: शून्य.

बाबा: परत बघ.

मुलगी: शून्यच आहे, बाबा. किती हवं होतं?

बाबा: एक्केचाळीस हजार सातशे साठ.

मुलगी: दादाचे?

बाबा: शेवटच्या आठवड्यात केले त्याने. तू तेव्हा मामाकडे होतीस. डाव्या हाताला सलाईन, म्हणून एकट्या उजव्या अंगठ्याने. घेतला तेव्हाही गेम जुनाच होता. आधीच्या मालकाचा विक्रमी आकडा होता त्यात, तो मोडायला दोन महिने झटला होता पठ्ठ्या. आणि खाटेवर पडून हा एवढा केला.

मुलगी: पण तो गेला कुठे? मी तर फक्त बॅटरी...

बाबा: जुन्या घडणीचं यंत्र आहे. वीज आहे तोवर लक्षात ठेवतं. मिनिटभर तुटली की पाटी कोरी.

मुलगी: अरे देवा.

बाबा: मी म्हटलं, निज आता. तर म्हणे, "हा मोडून दाखवा, मग निजतो."

मुलगी: मोडलात?

बाबा: नाही. रोज तू घराबाहेर पडलीस की एक डाव खेळायचो. अकरा वर्षं.

मुलगी: आणि अकरा वर्षांत एकदाही नाही?

बाबा: एकदा चाळीस हजारांवर गेलो होतो. अंगठा काढून घेतला. विटा पडत राहिल्या, डाव बुडाला. वाटायचं, मोडला नाही तोवर पोरगं जागं आहे. खुळ्यासारखंच, पण वाटायचं.

मुलगी: मला एका शब्दाने सांगायचंत, बाबा!

बाबा: रविवारी सांगणार होतो, तुला सुट्टी म्हणून. एकट्याने करायला हात चालत नाही, आणि दुकानदाराला काय सांगू? म्हटलं, ती डाग देईल, मी शेजारी बसून सांगेन.

मुलगी: मी पुसून टाकला त्याला. माझ्या हाताने.

बाबा: ए, गप. रडू नकोस. तू वाचवायला गेलीस. बॅटरी आणून ठेवली, तोंड उघडलं नाही, ते मी.

मुलगी: मी खेळते. रात्रंदिवस खेळते. बरोबर तेवढेच करून देते.

बाबा: ते तुझे होतील गं.

मुलगी: मग तुम्ही खेळा. आजचा डाव राहिलाय ना? मी बसते इथे.

(गेमचा बारीक टिकटिक आवाज. थोड्याच वेळात तो थांबतो.)

मुलगी: संपला? एवढ्यात?

बाबा: अंगठा चालतच नाही. किती झाले?

मुलगी: दोनशे दहा. आणि... वरच्या कोपऱ्यातही दोनशे दहाच आलेत, बाबा.

बाबा: येणारच. सगळ्यात वर आता मीच.

मुलगी: बाबा...

बाबा: मोडला गं. बंद कर ते. निजू दे त्याला.