गोचीड ताप

सून — पण गाय तर खुंट्याला बांधलेली आहे, मामंजी. मग तंबूमागचा बर्फ लाल कशानं झाला?

सासरे — सुनेनं सासऱ्याला विचारायची गोष्ट आहे का ही, बुरुल?

सून — नाही. लाजेनं मेल्यासारखं झालंय मला, तरी विचारते. लघवी लाल होतेय ना तुम्हाला?

सासरे — बीट खाल्लं असेल कधी.

सून — कुरणावर आल्यापासून कांद्याशिवाय काही बघितलंय का आपण? डोळे केवढे पिवळे झालेत तुमचे.

सासरे — गाईला हेच झालं होतं. सुई टोचली, उभी राहिली. गुरांचा डॉक्टर बाटली ठेवून गेलाय, त्यातलंच थोडं टोच मला.

सून — गाईचं औषध?

सासरे — गोचीड तीच, ताप तोच. तिच्या अंगावरच्या सगळ्या मीच चिरडल्या, या बोटांनी.

सून — गाईची प्लीहा शाबूत आहे. तुमची घोड्याच्या लाथेनं फुटली, काढून टाकावी लागली. साधा ताप आला तरी थांबू नका, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

सासरे — तेमिर येऊ दे मेंढ्या घेऊन. माझ्या पोराबरोबरच जाईन.

सून — ते उद्या येणार. मला उद्याची खात्री वाटत नाही, मामंजी. मी फार घाबरलेय. उठा, घोड्यावर बसा. माझ्या कमरेला धरा.

सासरे — सुनेच्या कमरेला? लोक काय म्हणतील?

सून — बघायला कोण आहे इथं? गाय?

(खिंडीत, फोनला रेंज मिळाल्यावर.)

डॉक्टर — गाडी निघालीये. ऑपरेशन आमच्याकडेच झालं होतं ना? मग जुने कागद काढतो, रक्ताची तयारी करता येईल. नाव सांगा.

सून — त्यांच्याकडेच देते फोन. मामंजी, नाव सांगा यांना. मामंजी?

डॉक्टर — काय झालं?

सून — बोलत नाहीत. मान माझ्या खांद्यावर टाकलीये. श्वास चालू आहे.

डॉक्टर — मग तुम्ही सांगा.

सून — मी सून आहे त्यांची. लग्न होऊन आल्यापासून एकदाही...

डॉक्टर — ठाऊक आहे. माझी बायकोही माझ्या वडिलांचं नाव घेत नाही. पण आज घ्या.

सून — सादिरबाय. मुरातालींचा मुलगा, सादिरबाय.

डॉक्टर — बरं. गाडी येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहा.

सून — मामंजी, ऐकलंत ना? तुमचं नाव घेतलं मी, तुमच्या कानाशी, मोठ्यानं. रागवा ना माझ्यावर.