सेकंड हाफ ढेपाळतो

मंडळी, ऐका. खरं सांगतो, हे आख्यान मी लिहून काढणारच नव्हतो. दोनदा मोबाईलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. सप्ताहाची कमिटी म्हणाली, महाराज, पुराणातलं काहीतरी घ्या, ध्रुव घ्या, प्रल्हाद घ्या. म्हटलं, घेतो. पण ध्रुव तुम्हाला पाठ आहे. प्रल्हादाचा खांब फुटायच्या आधीच तुमच्यातले निम्मे चपला शोधायला लागतात. म्हणून आज एक न्हावी घेतलाय. चालेल ना?

तर आधी प्रश्न. मृदंगवाले, जरा हात थांबवा, लोकांना ऐकू द्या.

एक माणूस न पाहिलेल्या गोष्टीवर मत देतो. अन् एक अख्खं गाव त्या मतावर चालतं. मला सांगा, दोषी कोण? तो, का गाव? आत्ताच उत्तर देऊ नका. तुमची सवय मला माहीत आहे, प्रश्न पुरा व्हायच्या आधी माना हलतात.

गाव कुठलं? असंच, आपल्यासारखं. तालुक्यापासून अडतीस किलोमीटर, मधे एक घाट. गावात सलून एकच. मुरलीधर तोडकरचं. वय पस्तीस, हात हलका, जीभ जड. जड म्हणजे वजनदार. त्याचा शब्द गावात पडायचा तो खाली पडायचाच नाही. कुठल्या विषयात? राजकारणात नाही. शेतीत नाही. सिनेमात.

आता न्हाव्याचं दुकान बंद कधी? सोमवारी. सोमवार आला की मुरली केस विंचरून, अत्तराचा बोळा कानात घालून दुपारी एकच्या एसटीनं तालुक्याला. तीनचा खेळ बघायचा, संध्याकाळच्या एसटीनं परत. मंगळवारी सकाळी दुकान उघडलं की निकाल. "साडेतीन तारे." "दोन तारे." एकदा एका सिनेमाला त्यानं पाऊण तारा दिला. पाऊण! सोनारसुद्धा एवढं बारीक मोजत नाही हो.

लोक विचारायचे, "मुरली, कसा हाय?"

मुरली गालाला साबण लावत म्हणायचा, "पयला भाग धरून ठिवतोय. हिरो बरा हाय. गाणी दोन चांगली. पण..." अन् इथं वस्तरा थांबायचा. सगळं दुकान थांबायचं. "...सेकंड हाफ ढेपाळतो."

झालं. शिक्का बसला. त्याच्याशी वाद कोण घालणार? वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस वाद घालत नाही. त्याला फक्त पटतं.

असं किती वर्षं चाललं? नऊ. नऊ वर्षांत, मंडळी, मारधाडीचा आला, रडका आला, भुताचा आला, देवाचा आला. प्रत्येकाचा सेकंड हाफ ढेपाळला. देवाच्या सिनेमाचासुद्धा! साक्षात भगवंताला इंटरवलनंतर जमलं नाही म्हणे.

का ढेपाळायचा? सांगतो. तीनचा खेळ सुटतो पावणेसहाला. अन् गावाची शेवटची एसटी सुटते पाचला.

काय झालं? हसू नका. हिशोब करा.

मुरलीनं नऊ वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. इंटरवलचे दिवे लागले की हा उठायचा. लोक समोसे घ्यायला बाहेर पडायचे, हा स्टँडकडं. मोटारसायकल येत नव्हती, तालुक्यात राहायला कुणी नव्हतं. पहिल्यांदा असा उठून आला तेव्हा खरं सांगणारच होता. पण मंगळवारी पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "शेवट कसा हाय?" अन् याच्या तोंडातून निघून गेलं, "ढेपाळतो." त्या दिवशी दुकानात एक पोरगा बसला होता, पुण्यात तोच सिनेमा पुरा बघून आलेला. मुरलीला वाटलं, आता पकडला. पण तो पोरगा काय म्हणाला? "हां हां, ढेपाळतोच." बघा! डोळ्यांनी बघून आलेला माणूस न बघितलेल्याच्या हो ला हो म्हणाला. मग मुरलीचा काय दोष? का आहे? थांबा, इतक्यात नाही.

मुरलीचा एक जिवाभावाचा मित्र. जालिंदर मोरे. एका बाकावरचे दोघं. जालिंदर अकरा वर्षांपूर्वी पुण्याला गेला. सकाळी बेकरीत काम, दुपारी शूटिंगच्या दारात उभं राहायचं. गर्दीत उभा, मिरवणुकीत उभा, प्रेतयात्रेत उभा. अकरा वर्षं उभाच. घरी आई, गजराबाई. बाप वारलेला. आईला गावातल्या बाया विचारायच्या, "पोरगं काय करतंय?" ती म्हणायची, "सिनेमात हाय." बाया म्हणायच्या, "मग दिसत कसं न्हाई?" 

अन् एक दिवस जालिंदरचा फोन आला.

"मुरल्या, काम मिळालंय. बोलायचं काम. शुक्रवारी आपल्या तालुक्यात लागतोय सिनेमा."

"काय सांगतोस! हिरोचा भाऊ का?"

"तू बघ की. कुठं हाय ते सांगत न्हाय, मजा जाईल. एकच आठवडा हाय थेटरात. गुरवारपातूर. तेवढ्यात आईला ने. तिला सांगू नको काय, तिची तिला ओळखू दे."

"नेतो की. म्या हाय न्हवं."

गावात बातमी पसरली. बापू मगराचा टेम्पो ठरला. बुधवारी सगळ्यांनी जायचं, खेळ बघून टेम्पोनंच परत. गजराबाईनं ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलं. सगळं ठरलं. मग बापू मगर म्हणाला, "सोमवारी मुरली बघून येऊ दे. आधी त्याचे तारे कळू दे."

सख्ख्या गावचा पोरगा पडद्यावर आलाय, अन् गाव म्हणतंय आधी तारे कळू दे!

सोमवारी मुरली गेला. सिनेमा सुरू. मुरलीचं लक्ष गोष्टीत नाही, जालिंदर कुठं ते बघतोय. लग्न झालं, लग्नात नाही. मारामारी झाली, मार खाणाऱ्यांत नाही. जत्रा आली. जत्रेत लांबवर एकजण पागोटं बांधून पाठमोरा उभा. खांदे जरा जालिंदरसारखे. कुणाचेही खांदे पागोट्याखाली जालिंदरसारखेच दिसतात हो. तेवढ्यात दिवे लागले. इंटरवल.

मुरली उठला. बसला. परत उठला. आपला माणूस पुढं असेल तर? पण एसटी गेली तर? दारातल्या तिकीटवाल्याला विचारता आलं असतं, "दादा, पुढं एक सावळा, उंच गडी येतो का?" पण नऊ वर्षं पंच असलेल्या माणसानं विचारायचं कसं? तो स्वतःशीच म्हणाला, तो पागोटंवालाच जाल्या. अन् चालायला लागला.

मंगळवारी दुकान भरलेलं. बापू मगर खुर्चीत. "बोल मुरली."

"दोन तारे."

"अन् जाल्या?"

"हाय की. जत्रंत. पाठमोरा."

"पाठमोरा? मग बोलतोय काय?"

"फोनवर बोलला आसंल तसं. पोरं जरा वाढवून सांगत्यात." अन् सवयीनं पुढचं निघालंच. "सेकंड हाफ तर पारच ढेपाळलाय."

बापूनं आरशातच मान हलवली. "मग पाठ बघाया अडतीस किलोमीटर कशाला मरायचं?" टेम्पो रद्द.

तेवढ्यात गजराबाई आली. बाईमाणूस सलूनच्या पायरीवरच थांबतं, तशी थांबली.

"मुरली, दिसला का रं?"

"दिसला की काकू. पागोटं बांधलंय. पाठमोरा हाय जरा."

"तोंड न्हाई दिसत?"

"गर्दी लई हाय ना काकू."

म्हातारीनं पायरीवरून पाय मागं घेतला. मग म्हणाली, "पाठमोरा तर मला नेहमीच दिसतोय बाबा. पुण्याच्या गाडीत चढताना. त्याच्यापायी थेटरात कशाला जाऊ?" अन् गेली. लुगडं परत पेटीत.

बुधवार गेला. गुरुवार गेला. सिनेमा उतरला.

पुढच्या बुधवारी जालिंदर आला. दोन दिवसांची रजा काढून. स्टँडवरून आधी कुठं आला? सलूनमध्ये. खुर्चीत बसला. मुरलीनं साबण फेसला, डावा गाल चालू केला.

"आईला नेलं न्हाईस," जालिंदर म्हणाला.

"टेम्पो जमला न्हाई रं."

"बरं. तू तर बघितलास?"

"बघितला की."

"विहिरीचा सीन कसा वाटला?"

वस्तरा हनुवटीपाशी होता. मंडळी, खोटं बोलणाऱ्याच्या हातात वस्तरा अन् खरं विचारणाऱ्याची मान उघडी, असा प्रसंग कुठल्या पुराणात असेल तर मला सांगा.

"चांगला हाय," मुरली म्हणाला. "जरासा लांबलाय."

"कुठं लांबलाय?"

"ते पाणी काढताना."

"विहीर कोरडी हाय, मुरल्या."

बाकावरची गिऱ्हाइकं पुढं सरकली, जालिंदर बोलतच राहिला.

"मी कठड्यावर बसून बोलतोय. चार मिनिटं. माझं तोंड सोडून पडद्यावर दुसरं काही न्हाई. अन् आईनं फोनवर सांगितलं, तू तिला काय म्हणालास ते. पाठमोरा?"

मुरलीनं वस्तरा खाली ठेवला. आरशात बघून बोलणं जमेना म्हणून भिंतीकडं बघून बोलला. "मी इंटरवलला उठतो. पाचची गाडी आसती."

"कधीपासनं?"

"नऊ वर्सं."

जालिंदर ओरडला नाही. शिवी दिली नाही. गळ्यातलं फडकं सोडलं अन् उठला. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर फेस.

"आरं पुरी तर होऊ दे दाढी," मुरली म्हणाला.

"कशाला? निम्म्यात कळली की. दोन तारे. उजवी बाजू ढेपाळतीया."

अन् तसाच बाहेर पडला. अख्ख्या पेठेतनं. फेस वाळत चाललेला. लोक विचारायचे, "जालिंदर, हे काय?" तो सांगायचा, "मुरलीची रीत हाय. इंटरवलपर्यंतच करतो." चावडीपर्यंत पोचेस्तोवर गावाला सगळं कळलं. अन् गाव काय म्हणालं? "आम्हाला वाटलंच हुतं!"

वाटलंच होतं! हे वाक्य ऐका, मंडळी. पाचची एसटी गावात कुणाला ठाऊक नव्हती? जो तो त्याच गाडीनं आलेला-गेलेला. तीनचा खेळ किती वाजता सुटतो, कुणाला ठाऊक नव्हतं? बोटावर मोजलं असतं तरी कळलं असतं. नऊ वर्षं कुणी मोजलं नाही. का? मोजलं तर स्वतः जाऊन बघावं लागतं. स्वतःचं मत करावं लागतं. त्यापेक्षा मुरलीचं तयार मत बरं. दाढीबरोबर फुकट.

आता गोष्ट जरा बाजूला ठेवतो. ते मागे उठलेत ना, पांढरी टोपी, हां तुम्हीच. बसा. गोष्ट संपली नाही. बघा, याला म्हणतात इंटरवल.

तुम्ही मुरलीला हसलात. मगाशी लई हसलात. सून घरात येऊन आठ दिवस होत नाहीत, तर तुम्ही ओट्यावर बसून काय सांगता? "दिसायला बरी, पण हाताला चव न्हाई." अजून तिनं तुमच्या चुलीचा कल ओळखला नाही, तुमचे तारे देऊन झाले. शाळेत नवा मास्तर आला, पहिल्या सोमवारी तुम्ही त्याला नापास केलं. पोरीसाठी स्थळ आलं, फोटो मोबाईलवर बोटानं मोठा केला, अन् नाकावरनं निकाल. कुणाच्या मयतीला जाऊन येता अन् म्हणता, माणूस तसा बरा होता, शेवटी शेवटी बिघडला. शेवटी तुम्ही कुठं होता हो त्याच्याजवळ? उद्या माझंही होईल. "महाराज आवाजाला बरे, आख्यान ढेपाळलं." म्हणणारे कोण? चहाच्या टपरीवर बसून लांबून स्पीकर ऐकणारे.

अन् मी? मी काही निराळा नाही. मीही माणसं इंटरवलपर्यंत बघूनच बोलत आलोय. म्हणून तर दोनदा पुसलं.

तर प्रश्नाचं उत्तर. मुरली दोषी का? आहे. गाव दोषी का? जास्त आहे. पण गाव कधी माफी मागत नाही, मंडळी. माफी एकट्यालाच मागावी लागते. ती कशी मागितली, तेवढं ऐका अन् मग खुशाल चपला घाला.

दुपार कलायच्या आत मुरली हत्यारांची धोपटी काखेत मारून जालिंदरच्या अंगणात गेला. जालिंदर बाजेवर, तसाच. फेसाचा पापुद्रा झालेला. गजराबाई ज्वारी निवडत बसलेली. ती म्हणाली, "मुरली, त्याचं थोबाड आधी सरळ कर. मला बघवंना."

मुरलीनं पाणी लावलं. उजवा गाल घेतला.  मग जालिंदरच हळू बोलला, आईला ऐकू जाणार नाही असं.

"त्या सीनमधी मी मेलेल्या बापाला शिव्या देतोय. देता देता रडतोय. अन् डाव्या हाताच्या मनगटानं तोंड पुसतोय. बा पुसायचा ना, तसं. डायरेक्टरनं सांगितलं न्हवतं. आई ओळखंल म्हणून केलं."

मुरलीचा हात थांबला.

"आता कुठं लागलाय?" त्यानं विचारलं.

"सोलापुरात. येत्या रविवारी दुपारी शेवटचा खेळ. मला परवा सकाळी बेकरीत हजर व्हायचंय. मला न्यायला जमत न्हाई."

आता रविवार म्हणजे न्हाव्याचा काय दिवस, तुम्हाला सांगायला नको. सकाळी सहापासून बाकावर रांग. मुरलीनं आयुष्यात एक रविवार दुकान बंद ठेवलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा त्यानं सोमवारची धरली होती.

त्यानं उजवा गाल पुरा केला. तुरटी फिरवली. फडकं झटकलं. मग गुडघ्यावर बसून, म्हातारीलाही ऐकू जाईल असा बोलला.

"जाल्या, शब्द देतो. रविवारी दुकान बंद. काकूला मी सोलापूरला नेतो, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. गाडी चुकली तर तिला तिथल्याच तुझ्या मावशीकडं सोडीन अन् मी स्टँडवर बसून राहीन. सगळी नावं वर जाऊन पडदा पांढरा होईस्तोवर जागचा उठत न्हाई. अन् मंगळवारी दुकानात कुणी मला इचारलं, मुरली, कसा हाय, तर एवढंच सांगीन... काकूला इचारा."