पट्टा कोणी बंद केला?

नाई नाई मॅडम, त्या फॉर्मवर मी टिक नाई मारू शकत — 'आपल्या संस्थेत नीतिमूल्ये पाळली जातात का, होय किंवा नाही' — ह्याले असं हो-नाई म्हनता येते काय? बसा, चहा घ्या. मिहिरबाबूनं तुमाले नागपूरहून बोलावलं, जिनिंगमधल्या लोकायले चांगलं कसं वागावं ते शिकवाले, आन मी तठी बावीस वर्षं फोरमन होतो म्हनून तुमी नालवाडीले माह्या घरी आल्या — बरं केलं. पन खरं सांगू? शिकवून येत नाई ते. मानूस पाह्यते. काय पाह्यते? मालक कशानं खूश होते आन कशानं त्याचं तोंड उतरते — येवढंच पाह्यते.

आता पुंडलिकरावायचंच घ्या — मिहिरबाबूचे वडील, जुने मालक. शिव्या लय द्यायचे. आमच्या जिनिंगमधी कापूस पट्ट्यावरून मशीनकडं जाते, दोन्ही बाजूनं बाया कचरा वेचत बसतात, आन त्या पट्ट्याले एक लाल बटन आहे — कापसात लोखंड दिसलं, कोनाचा पदर अटकला, की दाबाचं, पट्टा जागीच थांबते. एकदा आमच्या तानबानं दाबलं, खिळा दिसला म्हने — अर्धा तास शोधला, खिळा नाई न काही नाई, सुतळीची गाठ निघाली! सारे हासले. पुंडलिकराव आले, ती गाठ हातात घेऊन पाह्यली, म्हने, 'तानबा, उद्या असंच वाटलं तं उद्याबी दाबजो.' झालं. त्या एका बोलन्यावर, मॅडम, कितीक वर्षं आमच्या अठी कोनाचं बोट कापलं नाई.

मंग ते गेले. मिहिरबाबू आले — शिकलेले, गोड बोलनारे, कधी आवाज चढवला नाई, देवाशपथ सांगतो. फाटकाजवळ एक फळा लावला त्यायनं — कोनत्या पाळीत पट्टा न थांबता किती तास चालला. बटन दाबू नका असं ते कधीच नाई म्हनले. तानबानं एक दिवस दाबलं, तवा खाली आले आन साऱ्यायच्या समोर शांतपने विचारलं, 'पट्टा कोणी बंद केला?' — बस. तानबा खाली पाहून राह्यला. मीबी. मले म्हनता येत होतं न, की बरोबर केलं त्यानं? नाई म्हनलं. फळ्यावर माह्या पाळीचं नाव सगळ्यात वर राहे, मले आवडे ते — खोटं काऊन बोलू — सायकल लावता लावता पाहो मी. त्या दिवसापासून बटनाले कोनी हात नाई लावला.

कोकिळा? तिचं नाव कोनं सांगतलं तुमाले? ... हां, अपघाताच्या कागदात असन. हो, वेचाईवर होती. त्या मंगळवारी माह्याजवळ आली — 'भाऊ, चाकावरची जाळी ढिली झाली, आवाज करून राह्यली, बंद करून पाहा ना.' मी म्हनलं, जेवनाच्या सुट्टीत पाहू. सुट्टीले चाळीस मिनिटं होती — चाळीस! जाळी पडली, तिचा पदर गेला, पदर सोडवाले उजवा हात गेला. मी धावत जाऊन बटन दाबलं — मीच दाबलं. नाई, पानी नको, ठीक आहे मी.

त्या कागदात काय आहे ते ठाऊक आहे मले. 'कामगाराने कोणतीही सूचना न देता चालू यंत्रात हात घातला.' खाली सही माही. मिहिरबाबूनं असं लिवाले सांगतलं काय? नाई न! तेच तं म्हनून राह्यलो. त्यायनं फक्त विचारलं, 'बंडूजी, तिनं आधी काही सांगितलं होतं का?' — आन त्यायच्या तोंडाकडं पाहून मी म्हनलं, नाई. कोनी मांगितलं नोतं, मी आपल्या मनानंच देऊन टाकलं. चूक तिची ठरली, काम गेलं तिचं. तानबा तठीच उभा होता, सकाळचं तिचं सांगनं ऐकलतं त्यानं. माह्याकडं पाह्यलं त्यानं — दुसऱ्या दिवसापासून कामावरच आला नाई.

आन कोकिळेले ह्यातलं काहीच माईत नाई. मागच्याच गल्लीत राह्यते. म्हनते, बंडूभाऊ धावले म्हनून जीव वाचला. राखी बांधते मले दरसाल — डाव्या हातानं, गाठ दातानं ओढते. आन मी हात पुढं करतो. काय करू? किती डाव ठरवलं का सांगून टाकू — एकदा तिच्या दारापर्यंत गेलतो, तं तिच्या सासूनं लगबगीनं खुर्ची पुसून देल्ली, आत आवाज देल्ला, 'कोकिळा, तुहा भाऊ आला व!' — आता तूर कशी आहे, पोरीची शाळा कशी आहे, असंच काहीबाही बोललो आन वापस आलो.

तुमी लिहून राह्यल्या? नका लिहू. म्हंजे — लिहा... नाई, नका. तो कागद पालटला तं तिच्या घरी कोनी तिले वाचून दाखवनच न — थांबा. फाटक वाजलं.

अवं ये, ये कोकिळा. ह्या? ह्या कोनी नाई व, पत्ता विचारून राह्यल्या होत्या. निघाल्याच त्या. — हं, या मॅडम तुमी.